नाण्याआधी काटा घ्या: खिशातले दोन वजनकाटे, बत्तीस रत्तींच्या कसोटीवर

प्राचीन नाण्यांचा नाद लागला की माणूस पहिल्यांदा नाणं विकत घेतो. आमच्या मते पहिली खरेदी वजनकाट्याची हवी. नाणं दोन महिने उशिरा आलं तरी काही बिघडत नाही. काट्याशिवाय घेतलेलं नाणं मात्र पुढे नुसतं डबीत पडून राहतं, कारण त्याच्याबद्दलचा सगळ्यात साधा प्रश्नच कुणी विचारलेला नसतो: हे भरतं किती?

बाजारात खिशात मावतील असे दोन प्रकारचे काटे मिळतात. एक २०० ग्रॅमपर्यंत तोलतो आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. याला आपण सेंटिग्रॅम काटा म्हणू. दुसरा २० किंवा ५० ग्रॅमपर्यंतच तोलतो, पण ०.००१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. तो मिलिग्रॅम काटा. दोन्ही वेगवेगळ्या नावांचे स्टिकर लावून विकले जातात, आतला माल बहुतेक सारखाच असतो, त्यामुळे इथे कंपन्यांची नावं न घेता प्रकारांबद्दलच बोलतो. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे कामाचा नाही. ५०० ग्रॅम क्षमतेचा, ०.१ ग्रॅमचा काटाही नको. सव्वातीन ग्रॅमच्या नाण्यात ०.१ ग्रॅम म्हणजे तीन टक्के, आणि आपला सगळा शोध त्या तीन टक्क्यांच्या आतच चालतो.

आमचा कौल आधीच सांगतो. ज्याला नुसतं वजन नोंदवायचं आहे, त्याला सेंटिग्रॅम काटा पुरतो. ज्याला धातूही तपासायचा आहे आणि हाती येणारी नाणी कार्षापणाएवढी (प्राचीन भारतातलं चांदीचं नाणं) लहान आहेत, त्याने थोडे जास्त पैसे घालून मिलिग्रॅम काटा घ्यावा. तो नाजूक आहे, हट्टी आहे, पण खरं सांगतो.

वजनाचा एवढा आग्रह का, हे आधी समजून घेऊ. पैसा नाण्याच्या आधीपासून आहे आणि तो तोलूनच दिला-घेतला जात होता. मेसोपोटेमियात शेकेल हे नाणं नव्हतं, वजन होतं, साधारण ८.३ ग्रॅम. असे ६० शेकेल म्हणजे एक मिना. एश्नुन्ना या नगरराज्याच्या कायद्यात एक गुर (धान्याचं माप) सातूची किंमत एक शेकेल चांदी अशी लिहिलेली आहे. ही चांदी तुकड्यांची, तारेची, कड्यांची असे, आणि प्रत्येक व्यवहारात तराजू निघे. नाणं आलं ते बरंच नंतर, इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकाच्या सुमारास, आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या लिडियात. सोनं-चांदीच्या मिश्रधातूचा, इलेक्ट्रमचा, गोळा ठरलेल्या वजनाचा करायचा आणि त्यावर सिंहाचं तोंड उमटवायचं. पूर्ण नाणं, म्हणजे स्टेटर, १४ ग्रॅमच्या थोडा वर, आणि जास्त आढळतो तो त्याचा तिसरा हिस्सा, ४.७ ग्रॅमचा. छापाचा अर्थ इतकाच की हे आधीच तोललेलं आहे, पुन्हा तोलायची गरज नाही. लोकांनी ते मान्य केलं तर चलन चाललं, नाही केलं तर पुन्हा तराजू निघाला.

आपल्याकडेही कर्ष हे वजनच आहे, त्यावरून कार्षापण. मनुस्मृतीतलं कोष्टक सांगतं की दोन कृष्णलांचा (म्हणजे गुंजांचा) एक रुप्याचा माषक, आणि असे १६ माषक म्हणजे एक धरण किंवा पुराण. एकूण ३२ रत्ती, कारण रत्ती म्हणजेच गुंज. सोन्याचा हिशेब वेगळा: पाच गुंजांचा माष, १६ माषांचा सुवर्ण, म्हणजे ८० रत्ती. मराठी घरात अजूनही ‘गुंजभर सोनं’ म्हणतात, त्यातली गुंज हीच. लाल, काळ्या डोळ्याची.

आता काटा मांडा. मांडायचं कसं, यावर अर्धं यश आहे.

जागा ओट्याच्या दगडाची किंवा जमिनीवरच्या फरशीची. लाकडी टेबल कोपर टेकलं तरी हलतं आणि मिलिग्रॅम काट्याला ते लगेच कळतं. पंखा बंद करा, खिडकीचा झोत येत नाही ना बघा. मिलिग्रॅम काट्याबरोबर झाकण येतं, ते वजन घेताना लावलेलंच असू द्या. काटा सुरू करून दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवा. थंड यंत्राचा आकडा सरकत राहतो. मग सोबत आलेल्या वजनाने कॅलिब्रेशन करा. सेंटिग्रॅम काटा बहुधा १०० ग्रॅमचं वजन मागतो आणि ते पेटीत असतंच असं नाही, वेगळं घ्यावं लागतं. मिलिग्रॅम काट्याबरोबर १० किंवा २० ग्रॅमचं वजन बहुतेक वेळा येतं. ते चिमट्यानेच उचला. बोटाचं तेल त्यावर बसलं की तुमचं प्रमाणच बिघडलं.

इथे एक खाच आहे. १०० ग्रॅमवर बरोबर केलेला काटा तीन ग्रॅमवरही बरोबरच असेल, याची हमी नाही. म्हणून पाच ग्रॅमचं एक प्रमाणित वजन वेगळं घेऊन ठेवा आणि दर वेळी आधी तेच तोला. ते नसेल तर ढोबळ तपासणीला घरातली चिल्लर चालते. २०१९ पासूनच्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं ३.०९ ग्रॅम आणि २० रुपयांचं ८.५४ ग्रॅम असं ठरवून दिलेलं आहे. टांकसाळीलाही थोडी सूट असते, त्यामुळे चिल्लरीने कॅलिब्रेशन करू नका. पण रुपया ३.२० दाखवू लागला तर काट्यात गडबड आहे हे नक्की. गंमत म्हणजे रुपयाचं हे नाणं वजनाने झिजलेल्या कार्षापणाच्या अगदी जवळ बसतं. हातात दोन्ही धरून पाहिलं की मगध काळातला माणूस तळहातावर किती भार घेऊन बाजारात जात होता, ते उमगतं.

नाणं तीनदा तोला. प्रत्येक वेळी उचला, शून्य आलं का बघा, पुन्हा ठेवा. तिन्ही आकडे सेंटिग्रॅम काट्यावर ०.०१ च्या आत आणि मिलिग्रॅम काट्यावर ०.००३ च्या आत यायला हवेत. उचलल्यावर शून्याऐवजी ०.०२ राहत असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा ताटलीखाली कचरा अडकला आहे.

स्वस्त काट्यांची अजून एक खोड अनुभवी माणसालाही चकवते. शून्याजवळ असताना काटा लहानसहान बदल ‘सरकणं’ समजून गिळून टाकतो आणि स्वतःच शून्यावर येतो. म्हणून रिकाम्या ताटलीवर एक गुंज हळूच ठेवली तर कित्येकदा आकडा हलतच नाही. उपाय सोपा: आधी ताटलीवर एक नाणं ठेवा, त्याचं वजन लिहा, मग शेजारी गुंज ठेवा आणि वजाबाकी करा. गुंजा तोलायच्याच असतील तर दहा एकदम तोलून सरासरी काढा, कारण एका झाडाच्या बियाही सारख्या भरत नाहीत. आणि हो, गुंज चावली गेली तर विषारी आहे. मुलांच्या हाती देऊ नका, तोलून झाल्यावर मोजून परत डबीत ठेवा.

एककांच्या बटणाबद्दल इशारा. त्यावर ‘टीएल’ दिसलं की आपल्याकडची मंडळी ते तोळा समजतात. बहुतेक काट्यांवर ते चिनी ‘टेल’ असतं, एक टेल ३७ ग्रॅमच्या वर. आपला तोळा ११.६६ ग्रॅम. एका बटणात तिपटीची चूक! ‘सीटी’ म्हणजे कॅरेट, ०.२ ग्रॅम, ते रत्नांसाठी. ‘जीएन’ म्हणजे ग्रेन, ०.०६४८ ग्रॅम. हे मात्र उपयोगाचं आहे, कारण इंग्रजी अमदानीतल्या सूचीग्रंथांत नाण्यांची वजनं ग्रेनमध्येच आहेत. कार्षापण ५२ ग्रेनच्या आसपास, असं तिथे वाचाल, ते ३.३७ ग्रॅम. नोंदी मात्र ग्रॅममध्येच ठेवा आणि बटणाला हात लावू नका.

आता खरी परीक्षा. चांगल्या स्थितीतलं मगध-मौर्य परंपरेचं आहत (ठशांनी खुणा ठोकलेलं) कार्षापण साधारण ३.३ ते ३.४ ग्रॅम भरतं. त्याला ३२ ने भागलं तर रत्ती ०.१०५ ग्रॅमच्या आसपास येते. सराफाची गुंज म्हणजे तोळ्याचा ९६ वा हिस्सा, ०.१२१ ग्रॅम. या दोन गुंजांची गल्लत करून ‘नाणं हलकं आहे, खोटं आहे’ असा निकाल देणारे खूप भेटतात. त्या नाण्याला त्याच्या काळाच्या मापाने मोजायला हवं.

आहत नाण्याचा वेडावाकडा आकारही वजनानेच ठरलेला आहे. चांदीचा पत्रा ठोकून घ्यायचा, पट्ट्या कापायच्या, पट्टीचे तुकडे पाडायचे, मग प्रत्येक तुकडा तोलायचा. जड भरला तर कोपरा छाटायचा. नीट पाहिलंत तर दोन-तीन कोपरे तिरके उडवलेले दिसतात, ती तराजूची खूण आहे. म्हणून दोन कार्षापणं आकाराने अजिबात सारखी नसतात आणि वजनाने जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. यंत्रावर पाडलेल्या गोल नाण्यांना सरावलेल्या डोळ्याला हे उलटं वाटतं. पुढच्या बाजूला पाच खुणा वेगवेगळ्या ठशांनी मारलेल्या. सूर्य आणि षडरचक्र (सहा आऱ्यांचं चक्र) बहुतेकांवर असतात. मागच्या बाजूला कधी काही नसतं, कधी बारीक खुणांची गर्दी असते.

त्या मागच्या खुणांचं कोडं काट्यानेच सोडवायला घेतलं होतं. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात आयुष्य काढलेले गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी तक्षशिलेच्या साठ्यांमधल्या आणि इतर आहत नाण्यांची वजनं एकेक करून अभ्यासली. विचार साधा होता. नाणं हातोहात फिरलं की झिजतं. एका नाण्याची झीज काही सांगत नाही, पण शेकडो नाण्यांच्या गटाची सरासरी सांगते. मागच्या बाजूला जितक्या खुणा जास्त, तितकं गटाचं सरासरी वजन कमी, असं त्यांना दिसलं. म्हणजे त्या खुणा टांकसाळीत एकदम मारलेल्या नव्हेत. नाणं चलनात असताना ठरावीक काळाने कुणीतरी, बहुधा व्यापारी श्रेणींनी, तपासून मारलेल्या असाव्यात, असा त्यांचा निष्कर्ष. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हेच नाणं ताटलीत टाकलं, मान हलवली आणि एक बारीकशी खूण ठोकली. तुम्ही आज तेच नाणं काट्यावर ठेवता तेव्हा त्या पारख्यांच्या रांगेत उभे राहता. एवढ्यासाठी आम्हाला हे पाचशे-हजाराचं यंत्र मोलाचं वाटतं.

वाचायचं कसं, त्याचा साधा ठोकताळा असा. तीन ग्रॅमच्या वर असेल तर झीज धरून ठीक. अडीचपर्यंत खाली आलं तर कारण शोधा: कड छाटली आहे का, आम्लात घालून ‘चमकवलं’ आहे का, चांदीखाली तांबं आहे का. ३.६ च्या वर गेलं तर जास्त सावध व्हा. झिजून वजन कमीच होतं, वाढत नाही. वर मातीचा किंवा क्षारांचा थर नसताना जड असलेलं आहत नाणं हे बहुधा साच्यात ओतलेलं असतं. भिंगातून कड बघा. खरं नाणं छिन्नीने कापलेलं, तिथे ओरखडे आणि किंचित फाटलेला धातू दिसतो. ओतीव नाण्याची कड गुळगुळीत आणि जोडाची रेघ असलेली, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे.

वजनाने धातू कळत नाही, त्यासाठी पाण्यात तोलावं लागतं. आणि दोन काट्यांतला खरा फरक इथेच उघडा पडतो.

कृती: काट्यावर छोटं भांडं पाण्यासह ठेवायचं आणि शून्य करायचं. मिलिग्रॅम काट्याची क्षमता २० ग्रॅम असेल तर वाटी चालणार नाही, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं प्लास्टिकचं मापाचं टोपण घ्या, त्यात दहा-बारा मिलिलिटर पाणी. पाणी उकळून गार केलेलं, शक्य तर डिस्टिल्ड. त्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक अगदी लहान थेंब, म्हणजे बुडबुडे धरून राहत नाहीत. नाणं बारीक नायलॉनच्या तंतूला बांधून वरून, काट्याला न टेकणाऱ्या आधारावरून, पाण्यात सोडायचं. शिवणाचा दोरा नको, तो पाणी पितो आणि आकडा चढत राहतो. नाणं पूर्ण बुडलेलं हवं, तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. टेकलं तर काटा नाण्याचं वजनच दाखवू लागतो. आता जो आकडा दिसेल, तितके ग्रॅम पाणी नाण्याने बाजूला सारलं. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा: ते विशिष्ट गुरुत्व, म्हणजे धातू पाण्याच्या किती पट जड आहे ते.

उदाहरण घेऊ. नाणं ३.३० ग्रॅम. शुद्ध चांदीचं (१०.४९) असेल तर पाण्यातला आकडा ०.३१५ येईल. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रुप्याच्या ‘पण’ या नाण्याची जी कृती दिली आहे तिच्यात सोळा माषांपैकी चार माष तांबं आणि एक माष लोखंड, कथील, शिसं किंवा अंजन. उरले अकरा माष चांदी. बाकी सगळं तांबं धरून हिशेब केला तर गुरुत्व दहाच्या किंचित खाली येतं आणि आकडा ०.३३१. आतून तांबं आणि वरून नुसता चांदीचा मुलामा असेल तर ०.३६ ते ०.३७.

सेंटिग्रॅम काट्यावर हे तीन आकडे ०.३१ किंवा ०.३२, ०.३३ आणि ०.३७ असे दिसतात, आणि त्यातच ०.०१ इकडे-तिकडे. म्हणजे मुलाम्याचं नाणं तो पकडेल, पण शुद्ध चांदी आणि कौटिल्याची चांदी यांतला भेद सांगू शकणार नाही. मिलिग्रॅम काटा सांगतो. फक्त एक बुडबुडा ठशाच्या खळग्यात अडकला तर त्याचंही गणित चुकतं. नाणं पाण्यात एकदा हलकेच फिरवून घ्या, आणि तीनदा मोजा.

मोठ्या नाण्याला हा अडथळा नाही. अथेन्सचं घुबडाचं चार द्राख्म्यांचं नाणं १७.२ ग्रॅमचं. त्याचा पाण्यातला आकडा १.६४ येतो आणि तिथे ०.०१ ची चूक एक टक्क्याच्याही आत बसते. ज्यांचा संग्रह ग्रीक मोठ्या नाण्यांचा किंवा गांधारच्या चांदीच्या वाकड्या शलाकांचा (सव्वाअकरा ग्रॅमच्या आसपास) आहे, त्यांनी मिलिग्रॅम काट्यावर पैसे घालवू नयेत.

अथेन्सचं नाव निघालंच आहे तर तिथली व्यवस्था सांगण्यासारखी आहे. इसवी सनापूर्वी ३७५-३७४ मधला एक कायदा दगडावर कोरलेला सापडला आहे. बाजारात एक सरकारी पारखी बसे, तो स्वतः नगराचा गुलाम. आणलेलं नाणं खरं असेल तर ते घेणं व्यापाऱ्याला सक्तीचं. आत तांबं किंवा शिसं निघालं तर पारख्याने ते तिथल्या तिथे कापायचं आणि देवांच्या मातेला अर्पण करायचं. पारख्याने कामात कसूर केली तर ५० फटके. घुबडाच्या नाण्यांवर छिन्नीचे खोल घाव दिसतात ते अशाच शंकेखोर तपासणीचे. विक्रेते त्याला ‘खराब झालेलं’ म्हणून स्वस्तात देतात. आमचं मत विचाराल तर असं घाव घातलेलं नाणंच आधी घ्यावं. आतला धातू उघडा दिसतो, आणि कुणीतरी त्या काळीच तुमच्यासाठी तपासून ठेवलेलं असतं.

आता महाराष्ट्रातल्या नाण्यांकडे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथे क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा मारलेले होते: एका बाजूला तीन कमानींचा पर्वत, दुसऱ्या बाजूला उज्जैनी चिन्ह (फुलीच्या टोकांना चार वर्तुळं). नहपानाचं नाक, कान किंवा ग्रीक अक्षरांचा तुकडा खालून डोकावत राहतो. जिंकलेल्या राजाची चांदी वितळवून नवी नाणी पाडता आली असती. पण वितळवण्यात इंधन, वेळ आणि घट जाते. वजन आणि धातू लोकांना मान्य होता, बदलायचं होतं ते नाव. म्हणून फक्त नाव बदललं. ही नाणी दोन ग्रॅमच्या आसपास भरतात. ठसा दुसऱ्यांदा मारल्याने धातू पसरतो, पातळ होतो, पण कमी होत नाही. तेव्हा पुनर्मुद्रित नाणं साध्या नाण्यापेक्षा हलकं असायचं कारण नाही. पुनर्मुद्रित म्हणून विकायला आलेलं नाणं दीड ग्रॅम भरत असेल तर काट्याचं ऐका.

त्याच नहपानाचा जावई उषवदात याचा नाशिकच्या पांडवलेण्यांमधला लेख वाचला की हे दोन ग्रॅम काय काम करत होते ते कळतं. त्याने ३,००० कार्षापण भिक्षुसंघासाठी ठेव म्हणून दिले. २,००० नाशिकजवळच्या गोवर्धनच्या एका कोष्टी श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि १,००० दुसऱ्या कोष्टी श्रेणीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. हिशेब करून पाहा: दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, २४०. एका पैचा फरक नाही. पैसा म्हणजे फक्त देवघेव नव्हे. न मोडता शतकानुशतकं पुण्य देत राहील असं शेत, या अर्थानेही तो वापरला जात होता, आणि ते शेत कसणारे विणकर होते.

त्याच लेखात ७०,००० कार्षापणांची आणखी एक देणगी आहे आणि पुढे दर दिला आहे: ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण, म्हणून एकूण २,००० सुवर्ण. या ३५ वरून सोन्याचा भाव काढायचा मोह सगळ्यांना होतो. इथेही उत्तर काट्यावर अडकतं. कार्षापण म्हणजे नहपानाचं २.१ ग्रॅमचं नाणं धरलं तर एका सुवर्णाला ७३.५ ग्रॅम चांदी पडते. जुनं ३.३ ग्रॅमचं धरलं तर ११५.५. लेख नाव सांगतो, वजन सांगत नाही.

काटा जिथे निरुपयोगी ठरतो, तेही सांगायला हवं. सातवाहनांची शिशाची आणि पोटिनची (तांबं, कथील आणि शिसं यांचं मिश्रण) नाणी एकाच प्रकारात इतकी कमी-जास्त भरतात की वजनावरून खऱ्याखोट्याचा निकाल देणं चुकीचं. हत्तीच्या छापाचं पोटिनचं नाणं रोजच्या बाजारातलं, भाजीपाल्याचं. त्याची किंमत धातूत नव्हती, ठशात होती. तिथे काटा बाजूला ठेवून अक्षरं वाचा. शिशाच्या नाण्याला पाण्यातल्या तपासणीला तर बसवूच नका. पांढरी भुकटी सुटत असेल तर पाणी ती वाढवतं. आणि शिसं लाकडी किंवा एमडीएफच्या कपाटात ठेवू नका, लाकडातून सुटणारी आम्लाची वाफ त्याला हळूहळू खाते. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी पूड असेल तरही पाणी टाळा.

नाव एक आणि वजन दुसरं, याचं सगळ्यात ठळक उदाहरण चीनमधलं आहे. ‘बान लिआंग’ ही दोन अक्षरं म्हणजे ‘अर्धा लिआंग’. लिआंग आणि झू ही वजनं, अर्धा लिआंग म्हणजे बारा झू, पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. पण पुढे हान राजवटीत ते आठ झूचं झालं, मग चार झूचं, आणि नाण्यावर अक्षरं तीच राहिली. अखेर इसवी सनापूर्वी ११८ मध्ये ‘वू झू’ (पाच झू) हे नाणं काढलं तेव्हा अक्षर आणि वजन पुन्हा जुळलं. मधल्या चौकोनी भोकाची ही नाणी आपल्याकडे वास्तुशास्त्राच्या नावाखाली लाल दोऱ्यात ओवून विकतात. ती नवी ओतीव असतात, तोलायच्या भानगडीत पडू नका.

रोमन दीनारींसाठी मात्र सेंटिग्रॅम काटा उत्तम. ऑगस्टसच्या काळची चांदीची दीनारी ३.९ ग्रॅमच्या आसपास, कारण एका रोमन पौंडात ८४ पाडायच्या. इसवी सन ६४ मध्ये नीरोने त्या ९६ केल्या, वजन ३.४ वर आलं आणि कसही उतरला. दक्षिण भारतातल्या साठ्यांत ऑगस्टस आणि तिबेरियसच्या दीनारींची गर्दी का, याचं एक कारण हेच मानलं जातं की इथल्या व्यापाऱ्याला जुनं, जड नाणं हवं होतं. रोमन लेखक प्लिनी तक्रार करतो की भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दरवर्षी दहा कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) घेऊन जातात. इथे सापडलेल्या कित्येक रोमन मोहरांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा आडवा घाव आहे. तपासणीसाठी की चलनातून काढण्यासाठी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. घाव आरपार नसतो आणि वजनात फरक पडत नाही, एवढं काटा सांगेल. दीनारीवरून आपला ‘दीनार’ आला, तसाच ग्रीक द्राख्म्यावरून द्रम्म आणि त्यावरून ‘दाम’. ‘दाम करी काम’ म्हणणाऱ्याच्या तोंडी अथेन्सचं एक वजन आहे.

गुप्तांच्या सोन्याबद्दल एकच गोष्ट. सुरुवातीची मोहर आठ ग्रॅमच्या आत-बाहेर, कुषाणांच्या मापावर. स्कंदगुप्ताच्या काळात नऊ ग्रॅमच्या वरचं ८० रत्तींचं सुवर्ण माप आलं. वजन वाढलं, पण कस उतरला. फक्त कोरडं वजन घेणाऱ्याला हे कधीच कळणार नाही, पाण्यात तोलणाऱ्याला लगेच कळेल. सोन्याच्या नाण्याला दोन्ही काटे चालतात, कारण सोनं (१९.३) आणि पितळ (साडेआठच्या आसपास) यांतलं अंतरच इतकं मोठं आहे की आठ ग्रॅमवर ०.४१ आणि ०.९४ असे आकडे येतात.

खरेदी करताना पेटीत काय आहे ते बघा: प्रमाणित वजन, झाकण, प्लास्टिकच्या टोकाचा चिमटा. लोखंडी चिमटा आला तर तो टाका, नाण्यावर ओरखडा उठतो. काटा वापरात नसताना ताटलीवर काही ठेवू नका, आणि मिलिग्रॅम काटा कधीही दाबून ‘चालतो का’ बघू नका. क्षमतेच्या वरचा एक दाब आतला संवेदक कायमचा वाकवतो. दुरुस्तीच्या नादी लागू नका, तो फेकायचाच. बॅटरी महिनोन्‌महिने वापर नसेल तर काढून ठेवा.

प्रत्येक नाण्याच्या पाकिटात चिठ्ठी ठेवा: वजन, काट्याची अचूकता, तारीख, पाण्यातला आकडा असेल तर तोही. पाकीट पीव्हीसीचं नको. ते कालांतराने चिकट, हिरवट द्रव सोडतं आणि तो चांदीला आणि तांब्याला खातो. मायलरचं (एक प्रकारचं निर्धोक प्लास्टिक) घ्या. पुन्हा पाच वर्षांनी तोललंत आणि आकडा बदलला असेल तर काहीतरी घडतं आहे: क्षार वाढताहेत किंवा धातू झडतो आहे.

आणि एक. शेत नांगरताना किंवा पाया खणताना गाडग्यात नाणी सापडली तर त्यातलं एकही तोलू नका, धुऊ तर अजिबात नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. गाडगं, त्यातली माती, एकमेकांना चिकटलेल्या थप्प्या, सगळं तसंच राहू द्या. कोसंबींनी जे काढलं ते शेकडो नाणी एका जागी, एका साठ्यात होती म्हणून निघालं. त्यातली चाळीस चांगली निवडून विकली गेली असती तर सरासरी हलली असती, आणि मागच्या खुणा नुसत्या खुणाच राहिल्या असत्या.